मदत हवी आहे: जठराचे छिद्र आणि बीपीसी-१५७

अल्सरमुळे वडिलांच्या जठराला छिद्र पडून दोन महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली; जखम भरली, पण अर्धी वाटी पेज घेतली तरी पोटाला तडस लागते. एका नातेवाइकाने बीपीसी-१५७ या १५ अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, म्हणजे पेप्टाइडची, कुपी आणून दिली आहे, जिच्यावर ‘केवळ संशोधनासाठी’ एवढेच छापलेले आहे. क्रोएशियातील झाग्रेबचे संशोधक प्रेड्राग सिकिरिच यांच्या गटाने जठराला छिद्र पाडलेल्या उंदरांना ते दिले, तेव्हा छिद्र लवकर बुजले आणि हृदय, यकृत, मूत्रपिंड यांची हानीही कमी झाली, असे त्यांचे निष्कर्ष आहेत. मात्र तो उपचार ताज्या जखमेवरचा होता, आणि मला हाच फरक फार महत्त्वाचा वाटतो. कुपी अद्याप उघडलेली नाही. शल्यचिकित्सकांना भेटण्यापूर्वी कोणते प्रश्न लिहून न्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.