कुत्रा एकच कान झटकत असेल तर आधी गवताचं कुसळ आठवा

‘कुत्रा कान झटकत असेल तर इअर क्लीनर घाला, दोन-चार दिवसांत थांबेल’ असं बरेचदा सुचवलं जातं. दोन्ही कानांना वास येतोय, आत काळपट मेणचट मळ आहे, तर ठीक. कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्र्याच्या लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, पावसाळ्यात हे होतंच. पण फिरून आल्या आल्या एकच कान झटकायला लागला, मान त्याच बाजूला कलती धरली, तर घरी काहीही घालू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आमच्या कॉकरला दिवाळीच्या सुमारास टेकडीवर कुसळ गेलं होतं. मी दोन दिवस ड्रॉप्स घालत बसले, त्याचं अजून वाईट वाटतं. शेवटी भूल देऊन पडद्याजवळून काढावं लागलं. कुसळावरचं बारीक लव मागे वळलेली असते, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. पायाच्या बोटांतही असंच शिरतं आणि तिथे गळू होतं.

आता ऑक्टोबर ते डिसेंबर, गवत वाळलेलं असतं तेव्हा, कानाच्या आतल्या बाजूचे आणि पंजांमधले केस ग्रूमरकडून अगदी बारीक करून घेते. घरी आल्यावर कंगव्याआधी बोटं फिरवते, कारण त्या दाट केसांत कुसळ दिसत नाही, टोचतं. आणि कुत्र्याला बोर्डिंगला ठेवताना ‘जेवण काय देता’ याच्याबरोबर ‘मोकळं कुठे सोडता, तिथे गवत कापलेलं असतं का’ हेही विचारा.