पहिली मीटिंग कशी सापडली? (अनुभव धागा)

रानवाट:
काल लेकीला क्लासहून आणायला गेले तर बाजूच्या शाळेत एकाच वर्गात दिवा चालू आणि आतून टाळ्या. दारावर एए ची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) छोटी पाटी. एकदम २००९ आठवलं. आम्ही दोघं अशाच एका शाळेच्या गेटसमोर पाऊण तास स्कूटरवर बसून होतो, नवऱ्याचं एकच, कुणी ओळखीचं भेटलं तर? शेवटी वॉचमनकाकाच जवळ आले, "मीटिंगला ना? दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे." इतकं साधं बोलले की हा उतरलाच. क्लोज मीटिंग होती, म्हणजे फक्त पिणाऱ्यांची, म्हणून मी खाली पायरीवर. दीड तासाने आला, डोळे लाल, म्हणाला "अगं तिथे सगळे माझंच सांगत होते." नंतर दोनदा स्लिप झाली, म्हणजे परत प्यायला, पण जिना माहीत होता. तुम्हाला कशी सापडली? लिहा ना.

पहाटपाखरू:
मला ओळखीचंच भेटलं की. आत पाऊल टाकलं तर समोर आमच्या ऑफिसचे रिटायर झालेले साहेब, चहा वाटत होते. मी परत फिरणार तेवढ्यात कप हातात दिला, बस म्हणाले, बाकी एक प्रश्न नाही. फी किती विचारलं तर म्हणाले फी नसते, पिशवी फिरते, तू आज काही टाकू नकोस. आज ११ वर्षं झाली, चहा आता मी करतो. आलं ठेचून घालतो, किसून नाही.

गवतीचहा:
ठेचलेलंच बरोबर!! किसलं की कडवट होतो.

काजळमाया_७:
मी बाई आहे आणि पिणारी मीच होते. हे इथे लिहायलाही दहा मिनिटं लागली. पहिल्यांदा गेले तर दारातल्या भल्या माणसाने "ताई, अल-अनॉन पलीकडच्या खोलीत" म्हणून सांगितलं, म्हणजे घरच्यांची मीटिंग, त्याला वाटलं मी नवऱ्यासाठी आलेय. मी पण गप्प तिकडे जाऊन बसले, तासभर. बायका नवऱ्यांबद्दल रडत होत्या आणि मला माझा नवरा दिसत होता, घरी मुलाला भरवत असेल आत्ता. संपल्यावर एका काकूंना सांगितलं मी चुकीच्या खोलीत बसलेय. त्या काही बोलल्या नाहीत, हात धरून इकडे घेऊन आल्या आणि पुढच्या वेळी यायच्या आधी फोन करून एका जुन्या मेंबर ताईंना बोलावून ठेवलं. त्या ताई आजही माझ्या स्पॉन्सर आहेत, म्हणजे अडलं की ज्यांना फोन करायचा त्या.

रानवाट:
काजळमाया गं... 🫂 बरं झालं लिहिलंस.

सांजवेळ:
त्या पलीकडच्या खोलीतली मी. नवरा मुक्तांगणला होता पुण्यात (व्यसनमुक्ती केंद्र, डॉ. अनिता अवचटांनी १९८६ ला सुरू केलेलं), तिथे आम्हा बायकांनाही बसवून बोलायचे तेव्हा पहिल्यांदा कळलं की आजारी तो एकटा नव्हता, बाटल्या शोधणं, सिंकमधे ओतणं, त्याच्या ऑफिसात खोटे फोन, हे सगळं मी करत होते. हे त्याचं पिणं मी लावलं नाही, मी आवरू शकत नाही, मी बरं करू शकत नाही, हे अल-अनॉनमधे ऐकलं त्या रात्री कितीतरी वर्षांनी झोप लागली. कुकर झाला, नंतर लिहिते.

सागरगोटी:
वॉर्डात सिस्टर आहे म्हणून एकच कळकळीचं, रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एका दिवसात बंद करून थेट मीटिंगला जाऊ नका, आधी डॉक्टर. हात थरथरणं घाम इथपासून फिटपर्यंत जातं, दोन-तीन दिवसांनी भास होतात, माणूस जाऊ शकतो. आणि कृपया चहात गुपचूप दारू सोडवायच्या गोळ्या घालू नका हो, वरून दारू घेतली तर जिवावर बेततं, आम्ही पाहतो.

कोकणकडा:
आमच्याकडे जवळची मीटिंग ३५ किमी आणि शेवटची एस्टी साडेसहाला, मीटिंग सातला. पाच महिने एका मेंबरच्या टेम्पोत परत यायचो, आंब्याच्या सीझनला पेट्यांवर बसून. मग २०२० च्या लॉकडाउनमधे झूमवर सुरू झाल्या, नेटसाठी घरामागच्या कातळावर जायचो. देव मानत नाही मी, पहिल्याच दिवशी प्रार्थना ऐकून उठलो होतो. शेजारचा म्हणाला देव राहू दे, आज रात्रीपुरता हा ग्रुप धर. तो धरलाय.

नवीनआहे:
सगळं वाचलं. नाशिकला लहान भाऊ आहे, ३१ चा. यायलाच तयार नाही, विषय काढला की ताट फेकतो. आई म्हणते लग्न करून देऊ. काय करू

सांजवेळ:
लग्न नको गं, आधी हे. दुसऱ्या मुलीचा जीव टांगू नका. तो येत नाही तर तू जा, अल-अनॉनला बहिणी पण येतात.

पहाटपाखरू:
१४४४६ ला फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत. आणि एए ची ओपन मीटिंग असते तिला घरचे बसू शकतात. त्याला काही बोलू नका, तुम्ही बसून ऐका आधी. गेटवर एकट्या थांबू नका, मला मेसेज करा, नाशिकला आपली माणसं आहेत, कुणीतरी बाहेर उभं राहील.

नवीनआहे:
करते. आई सोबत आली तर चालेल?

पहाटपाखरू:
आणा की. चहा असतो.