सरकारी नोकरी सांभाळून शाळेच्या १७ वर्षांखालील टीमचं कोचिंग कसं बसवायचं?

मानेवाडा_डिफेन्स
नोकरी राज्य सरकारी, ऑफिस नागपुरात सिव्हिल लाइन्सला, ९:४५ ते ६:१५, शनिवार-रविवार सुट्टी. मानेवाड्याकडची एक शाळा १७ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल टीमला शिकवाल का म्हणून विचारते आहे. शाळा दुपारच्या पाळीची, ११:३० ते ५. क्रीडाशिक्षक आहेत, पण कबड्डी, खो-खो, मैदानी सगळं त्यांच्याच गळ्यात. आठवड्यातून किती दिवस आणि केव्हा घ्यायचं? कामाच्या दिवशी मॅच लागली तर काय? ऑफिसची परवानगी लागते का? "जमतं हो" सोडून काहीही सांगा.

शिट्टी_आणि_शंकू
संध्याकाळ विसरा भाऊ. सव्वासहाला सुटून मानेवाड्याला पोचेस्तोवर सात. जूनमध्ये नागपुरात सूर्य सातच्या आसपास मावळतो, डिसेंबरात साडेपाचलाच. वर्षातली एकही संध्याकाळ हाती लागत नाही. सकाळच धरा: पावसाळ्यात ६ ते ७:१५, डिसेंबरात उजाडायलाच पावणेसात होतात म्हणून ६:४५ ते ७:४५. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी थोडं लांबवून. बस. पाच दिवस ठरवले तर ऑगस्टपर्यंत दोनच उरतात, आणि कोणते दोन हे मुलांना आदल्या रात्री ग्रुपवर कळतं. तिथून टीम विस्कटायला सुरुवात होते.

सकाळची खरी आडकाठी म्हणजे दहावीची ट्युशन. बॅच बदलायला पालक एप्रिलमध्ये तयार होतात. जुलैत होत नाहीत, कारण तोवर फी भरलेली असते. म्हणून निवड मार्च-एप्रिलमध्येच उरका, २४-२५ मुलं ठेवा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि सुब्रतो कपच्या (शालेय फुटबॉल स्पर्धा) जिल्हा फेरीची गडबड लगेच सुरू होते. शाळा उघडल्यावर टीम निवडायला बसलात तर सरावाला वेळच उरत नाही.

७५ मिनिटं अशी वापरा. पहिली २० फिफा ११+ ला (दुखापती टाळणारा ठरावीक वॉर्म-अप): ८ मिनिटं धावण्याचे प्रकार, १० मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची २ मिनिटं वेगात धावणं. हे कॅप्टनला पाठ करून द्या, म्हणजे तुम्ही पाच मिनिटं उशिरा पोचलात तरी सराव वेळेवर सुरू होतो, आणि तेवढ्यात तुमचे शंकू मांडून होतात. मग ८ बाय ८ मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध दोन, १२ मिनिटं, दर दोन मिनिटांनी मधले बदला. मग ३० बाय २० मीटरवर चार विरुद्ध चार, ४ मिनिटांचे चार डाव, मध्ये दीड मिनिट पाणी. उरलेल्या वेळात मोठा खेळ. मैदानाला चकरा आणि गोलसमोर शूटिंगची रांग, हे दोन्ही बंद. रांगेत उभ्या वीस पोरांच्या वाट्याला दहा मिनिटांत जेमतेम चार-पाच किका येतात. ज्याच्याकडे आठवड्याला चारच तास आहेत त्याला हे परवडत नाही.

पण सराव हा यातला सोपा भाग आहे. नोकरीवाल्याचं घोडं मॅचच्या दिवशी अडतं. शालेय सामने कामाच्या दिवशी, बाद पद्धतीने. आज जिंकलात तर उद्या परत मैदानावर, आणि पावसाने पुढे ढकललं तर परवा. तेव्हा हो म्हणण्याआधी मुख्याध्यापकांशी एकच गोष्ट पक्की करा: प्रत्येक मॅचला शाळेचा एक शिक्षक टीमसोबत असेल, तुम्ही असा वा नसा. प्रवेशिका, ओळखपत्रं, शिक्का, मुलांची जबाबदारी हे सगळं शाळेचं. तुम्ही न येण्याच्या दिवसासाठी त्या शिक्षकाकडे एक कागद द्या: सुरुवातीचे अकरा, बदली कोणत्या क्रमाने, कॉर्नर आणि पेनल्टी कोण घेणार. फोनवरून टीम चालवायला जाऊ नका. मिटिंगमध्ये बसून मेसेज टाकाल, तोवर तिकडे हाफटाइम संपलेला असेल.

फाईलवाला
परवानगीचं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम १६ बघा. खासगी नोकरी किंवा व्यवसाय पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. अडचण शिकवण्याची नाही, पैशाची आहे. शाळा "पेट्रोलपुरतं" म्हणून दरमहा पाकीट देऊ लागली की ते मानधन झालं. मानदच करा, शाळेकडून तसं पत्र घ्या, वेळ "कार्यालयीन वेळेपूर्वी" अशी त्यात लिहून घ्या, आणि विभागप्रमुखांना अर्ज देऊन पोच ठेवा.

रजेचं. नैमित्तिक रजा वर्षाला ८. अर्ध्या दिवसाच्या करून वापरा, सकाळच्या मॅचला तेवढी पुरते. पहिल्या फेरीला सहसा जाऊ नका, तिथे कागद आणि शिक्षक पुरेत. चार अर्धे दिवस उपांत्य फेरीपासून पुढच्यासाठी राखा. विभागीय आणि राज्य पातळीला प्रवास आला की अर्जित रजा लागते, साहेबांना जूनमध्येच कानावर घाला.

कागद एप्रिलमध्ये, शाळेचे बाबू जागेवर असताना: जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, जनरल रजिस्टरचा नंबर. तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे का बघा. मुलगा बाद होतो तो खेळामुळे कमी आणि या फरकामुळे जास्त. पालकांचं संमतीपत्र त्याच फाईलला लावा.

कामठीचा_विंगर
मैदानाबद्दल कोणी बोलूनच नाही राहिलं. मानेवाड्याकडे काळी माती असेल तर पावसात नियम एकच: बुटाला माती लडबडून तळवा जड झाला की सराव बंद. हट्टाने खेळवलं तर टाचांचे खड्डे पडतात, ऑक्टोबरच्या उन्हात ते तसेच वाळून दगड होतात आणि मग पोरांचे घोटे मुरगळत राहतात. त्या दिवशी व्हरांड्यात खडूने पेनल्टी बॉक्स आखा आणि कॉर्नरला कोण कुठे उभा राहतो ते चालत-चालत करून घ्या.

वीज: चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला की मैदान रिकामं, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणी परत उतरायचं नाही. झाडाखाली तर मुळीच नाही.

सामान: पाच नंबरचे १२ बॉल, ४० शंकू, दोन रंगांचे बिब (संघ ओळखायला शर्टावर घालायची बंडी), पंप आणि चार-पाच सुया. सुई ओली करूनच घाला, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल रोज सकाळी मऊ मिळतो. हवा ०.६ ते १.१ बारमध्ये चालते, कडक मैदानावर खालच्या बाजूला ठेवा, उसळी आवरते. डोक्याला मार लागलेला पोरगा त्या दिवशी परत आत नाही, तो कितीही "सर, बरं आहे" म्हणो.

मानेवाडा_डिफेन्स
हे कामाचं आहे, आभार. दोन शंका. डिसेंबरात अधिवेशन असतं, तेव्हा आमच्याकडे रजा तर सोडाच, सुट्टीच्या दिवशीही बोलावतात. आणि क्रीडाशिक्षकांना बाहेरचा माणूस आलेला खपेल का?

शिट्टी_आणि_शंकू
अधिवेशनाचे आठवडे कॅलेंडरवर आधीच काट मारून टाका. थंडीतल्या निमंत्रित स्पर्धांच्या प्रवेशिका भरताना तारखा बघा, त्यात येत असतील तर शाळेला सरळ नाही सांगा. तेवढे दिवस कॅप्टन आणि उपकॅप्टनकडून फक्त ११+ आणि छोटे खेळ, आणि मैदानावर शाळेचा एक मोठा माणूस हवाच. नवीन काही शिकवायला काढू नका.

सरांचं म्हणाल तर मुख्याध्यापकांच्या आधी त्यांना भेटा. प्रवेशिकेवर व्यवस्थापक म्हणून नाव त्यांचं, फोटोत मधली खुर्ची त्यांची. दहावीच्या मुलांचे सवलतीचे क्रीडागुण मिळवायचे प्रस्तावही शाळेतूनच जातात, ते काम त्यांच्याशिवाय हलत नाही.

फाईलवाला
आणि सरांचा नंबर ऑफिसच्या दुसऱ्या फोनवरही सेव्ह करा. सामन्यांच्या वेळा कधी-कधी आदल्या रात्रीच कळतात, आणि त्या त्यांच्याकडेच येतात.