मदत हवी आहे : पिकअपवर बांधलेल्या कॅनूचं नाक डोलतं

नमस्कार मंडळी,

प्लास्टिकची १६ फुटी कॅनू (वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद होडी) आहे, वजन ३० किलोच्या आसपास. पिकअप डबल केबिनची, म्हणून हौदा आखूड, जेमतेम साडेपाच फूट. हौद्यात ठेवली तर निम्म्याहून जास्त बाहेर लोंबते. म्हणून एक आडवा दांडा केबिनच्या टपावर, दुसरा हौद्याच्या मागच्या चौकटीवर आणि त्यांवर कॅनू पालथी, असं करतो. दोन पट्टे वरून घेऊन हौद्याच्या कडांना आवळलेत. पुढच्या टोकाला नायलॉनची दोरी, ती बंपरच्या मधल्या हुकाला.

हळू चालवताना काही नाही. साठच्या पुढे गेलो की काचेतून वर दिसणारं नाक वीतभर इकडे, वीतभर तिकडे. शेजारून ट्रक गेला की पोटात गोळा येतो. पट्टे असे घोंघावतात की बोललेलं ऐकू येत नाही. मागच्या खेपेला पावसात दोरी सैल होऊन बॉनेटवर आपटायला लागली. मग रॅचेटचे पट्टे (दांडी पुढेमागे करून आवळायचे) आणून कचकचून आवळले. बायको म्हणत होती पुरे, मी ऐकलं नाही, आणि कॅनूच्या पोटाला खळगा पडला. तिला अजून दाखवलेला नाही.

अजून आवळू, की माझी पद्धतच चुकतेय?

प्रतिसाद १
आवळणं थांबवा! रॅचेटने किती ताण बसतोय ते हाताला कळतच नाही. कॅम बकलचे, म्हणजे ओढलेला पट्टा दातेरी चापात धरून ठेवणारे पट्टे घ्या, हाताने ओढाल तेवढाच ताण बसतो आणि तो पुरतो.

खरी चूक पट्टे हौद्याच्या कडांना तिरके नेण्यात आहे. पट्टा कॅनूवरून खाली आणून काठाला अगदी चिकटून त्याच दांड्याखालून फिरवा. काठ आणि पट्टा यांत जागा राहिली की तेवढी ती सरकणारच. दांड्यावर काठाच्या आतल्या बाजूने लाकडी ठोकळे बसवले तर फारच उत्तम. घोंघावण्यावर उपाय फुकटचा : पट्ट्याला एखाद-दोन पीळ द्या.

प्रतिसाद २
मधोमध बांधलेली एक दोरी नाक वर उचलू देत नाही, पण बाजूला जायला मोकळंच सोडते. नाकापासून दोन दोऱ्या काढून बॉनेटच्या दोन कडांकडे फाकवा, तंबूच्या खांबाला ताण देतात तशा. बॉनेटखालच्या बोल्टला पट्ट्याचे फासे अडकवून बाहेर काढले की दोरी बांधायला जागा होते. मागेही तसंच. नाक खाली वाकेल इतकं मात्र ओढू नका.

नायलॉन ताणतो, भिजला की जास्तच. पॉलिएस्टरची दोरी आणा. गाठ ताडपत्री आवळणाऱ्यांची : दोरीतच फासा काढायचा, टोक खालच्या फाशातून घेऊन वरच्या फाशात ओवायचं आणि खाली खेचायचं. आणि वेग आवरा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो.

प्रतिसाद ३
वरच्या दोघांशी सहमत. एक भर : केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात, खड्ड्यात दोन्ही आपापले हलतात. त्यामुळे केबिनपासून हौद्यापर्यंत एकच पट्टा ताणून बांधू नका, तो कधी सैल तर कधी घट्ट होत राहतो. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून सगळं एकदा हलवून बघा. कॅनू मागे बाहेर येत असेल तर टोकाला लाल फडकं. खळग्याचं म्हणाल तर प्लास्टिक पॉलिइथिलीन जातीचं असेल तर उन्हात ठेवा, बराचसा भरून येतो.

धागाकर्ता
तिघांचेही आभार. पट्टे दांड्याखालून घेतले, पुढे फाकवून दोन दोऱ्या बांधल्या. नाक आता बोटभर हलतं, तेही वारा आडवा असेल तरच. पीळ दिल्यावर आवाज इतका बंद झाला की पट्टा सुटला की काय म्हणून मी गाडी थांबवून उतरलो.

खळगा दोन दुपारच्या उन्हात निम्मा भरला. उरलेला निम्मा भरेपर्यंत बायकोला दिसू नये म्हणून कॅनू पालथीच ठेवून खळग्यावर ताडपत्री टाकावी म्हटलं, तर ऊन कसं लागणार?