५सीबीमध्ये सोन्याचे नॅनोरॉड: ठिपके पडतात, शिखर सरकत नाही

प्रकाशवेध
सोन्याचे नॅनोरॉड (लांबी ६०, जाडी २५ नॅनोमीटर) सीटॅब या साबणासारख्या रसायनात वाढवलेले आहेत. पाण्यात प्रकाशशोषणाचं मोठं शिखर ६५० नॅनोमीटरला येतं. दोनदा सेंट्रिफ्यूज करून इथेनॉलमध्ये घेतले, ५सीबी या द्रवस्फटिकात (लिक्विड क्रिस्टल) ओतले, रात्रभर उघडं ठेवून इथेनॉल उडू दिलं आणि ७ मायक्रॉनच्या काचेच्या सेलमध्ये भरलं (आतलं पॉलिइमाइड एका दिशेने घासलेलं, म्हणजे रेणू त्याच दिशेने झोपतात). मायक्रोस्कोपखाली काळे ठिपके दिसतात. १० व्होल्ट डीसी दिल्यावर शिखर जेमतेम ३-४ नॅनोमीटर सरकतं. हिशेबाने ४५ यायला हवेत: ५सीबीचा अपवर्तनांक १.७१ वरून १.५३, आणि रॉडची संवेदनशीलता अपवर्तनांकाच्या एककामागे साधारण २५० नॅनोमीटर. चुकतंय कुठे?

काचपट्टी
आधी ठिपके. ते इथेनॉलमध्येच झालेत, ५सीबीचा त्यात दोष नाही. सीटॅबचा थर पाण्यात टिकतो. इथेनॉलमध्ये तो विरघळून जातो आणि उघडे पडलेले रॉड एकमेकांना चिकटतात. मग सोनिकेटरमध्ये तासभर ठेवा, सुटत नाहीत.

पाण्यात असतानाच थायॉल-पीईजी (सोन्याला चिकटणारं पॉलिमर, रेणुभार ५०००) चढवा. एकदाच धुवा आणि सीटॅब १ मिलिमोलरच्या आसपास राहू द्या, त्याहून खाली नेलंत तर तिथेच गुठळ्या होतील. शोषण १ असलेल्या १० मिली द्रावणाला १० मिलिग्रॅम पीईजी भरपूर झालं. रात्रभर ढवळत ठेवा, मग ८००० आरपीएमवर १५ मिनिटं, दोनदा. शेवटी मिथेनॉलमध्ये घ्या (फ्यूम हूडमध्येच). थंड इथेनॉलमध्ये हे पीईजी नीट विरघळत नाही. स्पेक्ट्रम दर पायरीला काढा. शिखर रुंदावलं आणि ८००-९०० कडची शेपटी वर आली तर ती खेप टाकून द्या.

मिथेनॉल ५०-६० अंशांवर व्हॅक्यूममध्ये काढा. तपासणी सोपी आहे: शुद्ध ५सीबी ३५ अंशांना निवळतं, म्हणजे साधा पारदर्शक द्रव होतं. तुमचं ३३ लाच निवळायला लागलं, तर बहुधा आत अजून मिथेनॉल आहे.

ध्रुवक
आता शिखराचं. तुमचा हिशेब रॉड जागचा हलत नाही असं धरून केलाय. ५सीबीत मोकळा असलेला पीईजीवाला रॉड डायरेक्टरच्या, म्हणजे ५सीबीचे रेणू सरासरी ज्या दिशेला असतात तिच्या, दिशेनेच झोपतो. व्होल्टेज दिलं की डायरेक्टर वळतो आणि रॉडही त्याच्याबरोबर वळतो. म्हणजे त्याच्या लांबीच्या दिशेला अपवर्तनांक कायम १.७१ च्या जवळचाच राहतो. शिखर सरकेल कशाला?

बदलते ती शिखराची उंची. घासण्याच्या दिशेला समांतर पोलरायझर लावून बघा. शून्य व्होल्टला लांबीचं शिखर पूर्ण दिसेल. रॉड उभे राहिले की ते जवळजवळ मावळेल आणि आडवं (जाडीचं), ५४० च्या आसपासचं, तेवढं उरेल. पोलरायझर नसेल तर हा फरक अर्धामुर्धाच दिसतो. हाइलमायरने १९६८ मध्ये रंगद्रव्य वापरून केलेली गेस्ट-होस्ट युक्ती (द्रवस्फटिकात मिसळलेला पाहुणा त्याच्याबरोबर वळवायचा) हीच, पाहुणा फक्त सोन्याचा.

शिखर सरकवायचंच असेल तर रॉड काचेला चिकटवून वर ५सीबी भरा. पण ४५ तिथेही मिळणार नाहीत. काचेलगतचा थर पृष्ठभागाने धरून ठेवलेला असतो, तो फारसा वळत नाही.

आणि डीसी आजच बंद करा. उरलेल्या सीटॅबचे आयन इलेक्ट्रोडवर जाऊन क्षेत्र अडवतात, ५सीबीही हळूहळू खराब होतं. १ किलोहर्ट्झ चौकोनी लहर द्या. डायरेक्टर वळायला लागण्याचा उंबरठा ०.८ व्होल्टच्या जवळपास, सेलच्या जाडीवर तो अवलंबून नाही. ५ व्होल्ट पुरेत.

प्रकाशवेध
समजलं. सेल भरताना ४० अंशांवर भरून हळूहळू थंड करत होतो, ते ठीक आहे ना?

काचपट्टी
हळू नको. निवळलेल्यातून नेमॅटिक (रेणू एका दिशेला लागलेला द्रवस्फटिक) पुढे सरकताना कण आपल्यापुढे ढकलत नेतो आणि शेवटी जिथे थांबतो तिथे साचवतो. ३५ चा टप्पा झटकन ओलांडा.

ध्रुवक
पण घाईत थंड केलं की डायरेक्टरमध्ये दोष राहतात. ३६ वरून ३३ झटकन, पुढे सावकाश. खोलीचा एसी २० वर असेल तर ५सीबी गोठूही शकतं, आणि स्फटिक तर रॉडना आणखीच बाहेर ढकलतात. ई७ (अनेक घटकांचं द्रवस्फटिक मिश्रण) घेतलंत तर ती कटकट नाही, फक्त निवळण्याचा टप्पा ६० अंशांच्या जवळ जातो. भरण्याची हॉट प्लेट त्याप्रमाणे वाढवा.