पुरात चर्चवाले: सेवा की जाळं?

बाळू वाडेकर (धागाकर्ता)
पूर आला की चर्चवाल्यांची पर्वणी. दोन दिवस जेवण वाटायचं, फोटो काढायचे, हातात बायबल ठेवायचं आणि पसार. पटत नसेल तर खोडून दाखवा.

ह्यूस्टनकर
झोपायला चाललो होतो, पण 'पसार' हा शब्द खुपला. ऑगस्ट 2017, ह्यूस्टनवर आलेलं हार्वे चक्रीवादळ. शहरातल्या मेयरलँड भागात आमच्या घरात तीन वर्षांत तिसऱ्यांदा पाणी. ओसरल्यावर पिवळ्या टी-शर्टातले सदर्न बॅप्टिस्ट चर्चचे लोक आले, सगळे साठी उलटलेले. भिंतींचं ड्रायवॉल (इकडच्या लाकडी भिंतींवरचे प्लास्टरचे पत्रे) चार फुटांवर आडवं कापलं, आतला भिजलेला कापूस उपसला, उघड्या लाकडावर बुरशीचं औषध मारलं. देव्हाऱ्याशी मात्र थांबले. "याला आम्ही हात लावलेला चालेल का?" असं विचारलं. जाताना बायबल दिलं, सगळ्यांच्या सह्यांचं. माळ्यावर आहे.

खरं काम पुढे असतं. काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, 'लाँग टर्म रिकव्हरी ग्रुप' बसतो, घरं पुन्हा उभी करणाऱ्या संस्थांची बैठक. केस मॅनेजर एका घराची फाइल मांडतो: पुराचा विमा नाही, फेमाचे, म्हणजे सरकारी आपत्ती खात्याचे, पैसे संपले, म्हातारी एकटी. एक चर्च म्हणतं, सामानाचे पैसे आमचे. मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती म्हणतात, सुतार आमचे. तिसरं त्या सुतारांना झोपायला हॉल देतं. टीव्हीवाले गेल्यावर महिनोन्महिने हेच. मेनोनाइट हे 1950 पासून करताहेत. हे पसार होणं?

बाळू वाडेकर
म्हणजे बायबल दिलंच! आणि तुमचं ते बास्केटबॉलच्या स्टेडियममधलं लेकवुड चर्च? तिथल्या पाद्री ओस्टीनसाहेबांनी पूरग्रस्तांना दारं कधी उघडली?

ह्यूस्टनकर
जगाने शिव्या घातल्यावर. बोला, अजून काय कबूल करू?

औशाची मावशी
तुमचं अमेरिकेचं चालू द्या. मी किल्लारीचा भूकंप पाहिलाय. 30 सप्टेंबर 1993, विसर्जनाची रात्र उलटलेली, पहाटे चारच्या आत दगडमातीच्या भिंती अंगावर. नंतर ट्रकच्या ट्रक जुने कपडे! मंदिरवाले, चर्चवाले, कॉलेजवाले, कुणी सोडलं नाही. रस्त्याकडेला ढीग. आमच्या बायका नऊवारीतल्या, आणि ढिगातून निघतोय बिनचेनचा जीनचा झगा, एका पायाचा बूट. शेवटी गुरं त्यावर बसायची.

सांगलीचा सुऱ्या
2019 ला आमच्याकडे तेच! वर 'दान केलं' म्हणून स्टेटस.

पुणेरी पगडी
आमच्या मंडळाने धुऊन, इस्त्री करून, मापं लिहून पाठवले होते. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

औशाची मावशी
इस्त्री केलीत हो, पण तिथे कपाट कुठं होतं?

पुणेरी पगडी
मग काय नागडं राहायचं होतं? कृतघ्नपणाची हद्द झाली!

सांगलीचा सुऱ्या
ओ पगडी, जिभेला लगाम घाला. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आम्हाला हवे होते फिनेल, खराटे आणि नवी आतली कापडं. ती कोणी पाठवत नाही, कारण फोटोत बरी दिसत नाहीत.

ह्यूस्टनकर
तिकडे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चचे लोक गोदाम सांभाळतात, आलेलं सामान निवडायला माणसं बसवतात. कपडे तर नकोच म्हणून आधी सांगतात. तरी येतात.

बाळू वाडेकर
धागा चर्चचा होता. आता चिंध्यांचा झाला.

औशाची मावशी
चर्चचंच बोलते. नवी गावठाणं झाली तेव्हा घरं मिळाली, नाही म्हणत नाही. पण रेघ मारल्यासारख्या ओळी. आमची गल्ली मोडली, जाऊ इकडे, नणंद तिकडे. बांधणारा कुठल्या देवाचा होता ते मी विचारलं नाही. त्यानेही मला, चूल कुठं हवी, ते विचारलं नाही. ह्यूस्टनकर, तुमच्या म्हाताऱ्यांनी देव्हाऱ्याचं विचारलं ना? तेवढ्यासाठी मी त्यांना चहा पाजीन.

बाळू वाडेकर
बरं. सुतार पाठवणारे चर्चवाले चालतील. बायबल माळ्यावरच असू दे.

पुणेरी पगडी
आणि आमची इस्त्री?