‘पोर्गी अँड बेस’ची डिस्क निघायलाच हवी, वारस काहीही म्हणोत

रीळवेडा: १९२९ चा ‘हॅलेलुया’ डीव्हीडीवर मिळतो. १९४३ चे ‘केबिन इन द स्काय’ आणि ‘स्टॉर्मी वेदर’ मिळतात. ‘कारमेन जोन्स’ तर ब्लू-रेवर लखलखीत दिसतो. कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन हॉलिवूडने काढलेल्या जुन्या संगीतपटांपैकी सर्वांत भपकेबाज ‘पोर्गी अँड बेस’ (१९५९) मात्र आजवर अधिकृतपणे डिस्कवर आलेला नाही. निर्माता सॅम्युएल गोल्डविन याने हक्क घेतले होते ते १५ वर्षांपुरते. मुदत संपली आणि मूळ ऑपेराचा संगीतकार जॉर्ज गर्श्विन याच्या वारसांनी पाठ फिरवली, कारण ऑपेरात गाऊन म्हटले जाणारे संवाद काढून सिनेमात साधं बोलणं घातलं होतं. २०११ मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेला. म्हणजे देश म्हणतो जपा, आणि आपण बघायची ती कुणीतरी टीव्हीवरून उतरवलेली धुरकट कॉपी! मूळ प्रिंट कशावर, तर ७० मिमीच्या रुंद फिल्मवर.

खडूस_काकू: असहमत. माझ्या आजीच्या पैठणीची कुणी उशीची खोळ शिवली असती, तर मीही ती कपाटात दडवली असती. शिवाय पोर्गी झालेल्या सिडनी पॉइटिएला ती भूमिका नको होती, हॅरी बेलाफाँटेने तर साफ नाकारली. सिनेमात गुंड, जुगारी, नशेची पूड विकणारा स्पोर्टिन लाइफ... ज्यांचं चित्रण आहे त्यांनाच खुपत होतं, तर तुमचा एवढा हट्ट कशासाठी?

रीळवेडा: काकू, पॉइटिएचं मान्य. पण बेस झालेल्या डोरोथी डँड्रिजचं काय? ‘कारमेन जोन्स’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय नटी. त्यानंतरही हॉलिवूडने तिला दिलेल्या मोठ्या भूमिका बोटांवर मोजण्याइतक्याच. १९६५ मध्ये, ४२ व्या वर्षी ती गेली. त्या मोजक्यांतली एक आपण कपाटात ठेवायची?

सूरपेटी: हा मुद्दा पटला. त्यात माझी थोडी भर. प्लेबॅकचं आपल्याला वावगं नाही, आपण त्यावरच वाढलो. पण ‘कारमेन जोन्स’मधली गंमत बघा: डँड्रिज आणि बेलाफाँटे दोघेही स्वतः गायक, आणि पडद्यावर आवाज दुसऱ्यांचे! तिच्यासाठी गायली मॅरिलिन हॉर्न, विशीतली गोरी मुलगी. ‘पोर्गी’मध्येही डँड्रिज गात नाही. हे नुसतं वाचून समजत नाही, ओठ आणि आवाज एकत्र बघावे लागतात.

‘स्टॉर्मी वेदर’मध्ये नर्तक निकोलस बंधू एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत, दर पायरीवर पाय फाकून बसत जिना उतरतात. मी ते रिमोट हातात धरून, थांबवून थांबवून पाहिलंय. अजूनही विश्वास बसत नाही. (डिस्क बंद करा म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.) आणि लीना हॉर्नचं फेसाच्या टबातलं गाणं ‘केबिन इन द स्काय’मधून कापलं होतं. ते जपलं गेलं म्हणून पुढे लोकांना बघायला तरी मिळालं.

खडूस_काकू: डिस्क बंद करा असं मी कुठे म्हटलं? फक्त या एका चित्रपटाबद्दल बोलतेय.

रीळवेडा: मग पाटी लावा. वॉर्नर कंपनीने ‘हॅलेलुया’च्या डीव्हीडीत सुरुवातीलाच लिहिलंय की हा त्या काळाचा चित्रपट आहे, तेव्हाचे पूर्वग्रह यात दिसतील. तशीच इथेही.

खडूस_काकू: अहो, ती पाटी पूर्वग्रहांसाठी. वारसांची तक्रार आहे संगीताबद्दल. ‘यात ऑपेराची मोडतोड आहे, कान मिटून ऐका’ असं लिहायचं का?

रीळवेडा: त्याच मोडतोडीच्या संगीतासाठी आंद्रे प्रेव्हिन आणि केन डार्बीला ऑस्कर मिळालं हो!

सूरपेटी: ऑस्करचं सोडा. ऑपेरा १९३५ चा. अमेरिकेतला कॉपीराइटचा ९५ वर्षांचा हिशेब धरला तर २०३१ उजाडताच त्यावरचे हक्क सुटतील. मग निदान ऑपेराच्या हक्कापुरता हा वाद संपेल.

खडूस_काकू: तेवढी वर्षं मला असतील तर! तोवर वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बघायला मिळतोय का, चौकशी करा. तिकिटं तुम्ही काढा, दशम्या मी बांधून घेते. आवडला नाही तर येताना विमानभर ऐकवेन.